पिवळ्या फुलांचा बंदोबस्त

आमच्या वसाहतीमागच्या ओढ्याकाठी जी पिवळी रानफुलं यायची ती आता येत नाहीत, आणि त्याला जबाबदार मी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत उत्सुकता ताणून धरण्याची कला मला जमत नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं की उत्तर आधी फळ्यावर लिहायचं आणि मग रीत समजावून सांगायची, अशी सवय लागते. उत्तर हे असं आहे. आता रीत.

निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मुलांचा वर्ग घेतो. मोफत. "मोफत आहे म्हणून आईबाप पाठवतात, तेवढीच दोन तास घरात शांतता," असं आमच्या हिचं मत आहे, पण ते सोडा. वर्गात अभ्यास नसतो. मुंग्यांची रांग शेवटी कुठे जाते ते बघणं, खांबाची सावली दर तासाला मोजणं, पावाच्या तुकड्यावर बुरशी यायला किती दिवस लागतात त्याची नोंद ठेवणं, असे आमचे उद्योग. (बुरशीचा प्रयोग हिने पाचव्या दिवशी केराच्या टोपलीत टाकला. विज्ञानाच्या वाटेत असे अडथळे येतातच.)

माझी नातही त्या वर्गात असायची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एका रविवारी ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून उशिरा आली आणि सगळ्यांसमोर तिने माझ्या नाकाखाली मूठ उघडली. आत एक पिवळं फूल होतं. नरसाळ्यासारखं तोंड, घशात तांबडे ठिपके आणि मागे एक बाकदार शेपटी.

"आजोबा, हे काय आहे?"

मला माहीत नव्हतं. शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण भर वर्गात माहीत नसणं फार वाईट. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "छान प्रश्न. याचं उत्तर पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी शोधून आणायचं." चौतीस वर्षांत या वाक्याने मला कधी दगा दिला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," नात म्हणाली.

अकरा मुलं खदखदून हसली. पुढे जे झालं ते सगळं त्या हसण्यामुळे झालं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. मुलं बिचारी हसली आणि विसरली. मी विसरलो नाही.

तीन दिवस मी ग्रंथालयात बसलो. तिसऱ्या दिवशी एका धूळ खाल्लेल्या जाड पुस्तकात फूल सापडलं. तेरड्याच्या कुळातलं रानफूल. ओलसर सावलीत, झाडीतल्या ओढ्यांच्या काठी येतं. दरवर्षी मरतं आणि पडलेल्या बियांतून पुन्हा उगवतं. शेंग पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटते आणि बी लांब उडतं. आणि वर्णनाच्या शेवटी तीनच शब्द होते: दुर्मीळ होत चाललेलं.

ते शब्द माझ्या डोक्यात गेले. आमच्या वसाहतीत दुर्मीळ असं काही असेल याची कुणाला कल्पना नव्हती. पाणी तेवढं कधी कधी दुर्मीळ व्हायचं.

पुढच्या रविवारी वर्ग ओढ्यावर नेला. वसाहतीच्या मागच्या भिंतीला एक भगदाड आहे, त्यातून वाकून गेलं की लगेच दाट झाडी लागते. ओढा तिच्या तळाशी. काठाचा एक उतार म्हणजे मुलांची घसरगुंडी. नवा फ्रीज कुणाच्या घरी आला की त्याच्या खोक्याचा पुठ्ठा दुसऱ्या दिवशी त्या उतारावर असायचा. गवताला तिथे डोकं वर काढायला फुरसत नव्हती, नुसता तुळतुळीत काळा चिखल. आणि त्या घसरगुंडीच्या दोन्ही अंगांना, पायथ्याला, मुलांच्या टाचांनी पडलेल्या खड्ड्याखड्ड्यांत ती फुलं डोलत होती.

आम्ही मोजली. त्रेचाळीस रोपं भरली. मुलांनी चित्रं काढली, पट्टीने उंची मोजली. मी इतका खूश होतो की पायजमा चिखलात माखला आहे हे मला कळलंही नाही. एवढ्यात एका मुलीने एक फुगीर शेंग चिमटीत धरली. टप्प! शेंगेच्या साली स्प्रिंगसारख्या गुंडाळल्या आणि एक बी माझ्या चष्म्यावर येऊन आदळलं. मग काय, दोन मिनिटांत अकराच्या अकरा जण शेंगा फोडत होते, किंचाळत होते, आणि दोघं तर पुठ्ठ्यावर बसून सरळ दुर्मीळ वनस्पतीच्या अंगावरून घसरत गेले.

मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, त्यामुळे परिणाम चांगला होतो. सगळे जागच्या जागी थिजले. तिथेच, ओल्या मातीत उभं करून, मी त्यांना तीन नियम शिकवले आणि एका सुरात म्हणून घेतले. फुलाला हात नाही. शेंगेला हात नाही. काठावर पाय नाही.

पाठांतर उत्तम झालं. ओढ्यापलीकडून प्रतिध्वनी आला.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती चष्मा लावून डाळ निवडत होती.

"मग आता मुलं खेळणार कुठे?"

"खेळायला काय, कुठेही खेळतील. फूल पुन्हा मिळणार नाही."

"इतकी वर्षं मिळत होतं ना?"

"अगं, नशीब म्हणून!"

"हं," ती म्हणाली आणि खडा काढून बाजूला टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिची बोलणी समजायला लागली आहेत. तिचं 'हं' मात्र नेहमी दोन-तीन वर्षांनी समजतं.

मुलांनी नियम पाळले. दुसऱ्या वसाहतीतली पोरं यायची ती कशाला पाळतील? म्हणून मी चार काठ्या रोवून भोवती सुतळी बांधली. तिसऱ्या दिवशी ती सुतळी तळमजल्यावरच्या गॅलरीत दिसली. तिच्यावर परकर वाळत होता. मी जाब विचारायला गेलो तर तिथल्या काकू म्हणाल्या, "अय्या, तुमची का? रानात कुणाची असेल असं वाटलंच नाही. थांबा, परकर ओला आहे हो अजून." दुर्मीळ वनस्पतीचं कुंपण वाळायची वाट बघत मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

हे सगळं वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ बघत होते. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं तर ते ऐकू आलं नसल्यासारखं करतात.

"मास्तर," ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "सुतळीने काही होत नसतं. अर्ज करा."

"कुणाला?"

"ते नंतर. आधी अर्ज तर करा."

मी अर्ज केला. उद्यान विभागात गेलो, तर तिथे म्हणाले, लावलेलं झाड असेल तर आमचं, आपोआप आलेलं वनखात्याचं. वनखात्यात म्हणाले, झाडी आमची, पण ओढ्याचा काठ पाटबंधाऱ्याकडे. पाटबंधारेवाले म्हणाले, पाणी आमचं. काठ ओला असेपर्यंत आमचा, सुकला की उद्यान विभागाचा. "तुमची फुलं ओल्यात आहेत की सुक्यात?" त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "ओलसर." यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि मला परत उद्यान विभागात पाठवलं.

या वेळी तिथल्या कारकुनाने मान वर करून पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. "सर!" माझा विद्यार्थी. तिसऱ्या बाकावर बसायचा, अक्षर मोत्यासारखं. मला वाटलं, सुटलो. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि माझा अर्ज वाचून परत माझ्या हातात ठेवला.

"सर, समास सोडलेला नाही."

"अरे, घाईत..."

"आणि हे वाक्य अर्धवट आहे. 'त्वरित संरक्षण व्हावे ही.' ही काय, सर? तुम्हीच सांगायचात ना, अर्धवट वाक्याला शून्य गुण."

मी तो अर्ज चार वेळा लिहिला. चौथ्या वेळी त्याने "छान" म्हटलं आणि मला, या वयात, बरं वाटलं. मग तो म्हणाला, "आता नमुना जोडा. मुळासकट, वाळवून, कागदावर चिकटवून. तीन प्रतींत."

"एका रोपाची झेरॉक्स नाही का चालणार?"

"रोपाची झेरॉक्स, सर?" तो इतका दुखावला की मी विषय वाढवला नाही.

मी तीन रोपं उपटली. वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबली. आठ दिवस ही तक्रार करत होती की गादीला ओढ्याचा वास येतो. नमुने दाखल झाले, फाईल वरच्या मजल्यावर गेली आणि तिथे सफाईवाल्या बाईंनी ती उघडून, आत वाळका पाला साठलाय म्हणून, झटकून स्वच्छ करून ठेवली. त्यांचा काही दोष नाही. माझ्या शाळेत अशा बाई असत्या तर मी त्यांचा सत्कार केला असता. मी पुन्हा तीन रोपं उपटली. ओढ्याकाठी आता सदतीस उरली होती. मुलांनी इतक्या वर्षांत तिथे कितीही धुडगूस घातला असेल, पण रोप एकही मुळासकट उपटलं नव्हतं.

वर्षभरात मंजुरी आली. तारेचं कुंपण झालं, मधून सिमेंटच्या फरशांची पायवाट झाली, फाटक आणि रखवालदार आला. कुंपणावर मोठा हिरवा बोर्ड लागला. त्यावरचा मजकूर माझा होता. उद्यान विभागाच्या साहेबांना 'प्रवेश निषिद्ध' एवढंच हवं होतं. मी आग्रह धरून 'फुलाला हात नाही, शेंगेला हात नाही, काठावर पाय नाही' असं लिहवून घेतलं, मुलांना पाठ आहे म्हणून. उद्घाटनाला फोटो काढला. वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा त्यात माझं कोपर होतं. तरीही मी कात्रण जपून ठेवलं आहे. कोपर स्पष्ट आहे.

कुंपणानंतरच्या पहिल्या मोसमात मोजली तर एकोणीस रोपं. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, दिसायलाच अडचण. वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, "मास्तर, पोषण कमी पडतंय. खत घाला." मी दोन पोती शेणखत घातलं. गवत कमरेपर्यंत आलं.

दुसऱ्या मोसमात चार.

मग मात्र मी घाबरलो आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना विनवण्या करून घेऊन आलो. त्या तरुण होत्या, पायांत रबरी बूट होते आणि बोलणं थोडं. त्यांनी गवत बाजूला सारलं, मातीत बोट घातलं, चार रोपं पाहिली. ती चारही फाटकाशी होती, जिथे रखवालदार उभा राहून चुळा भरायचा आणि येरझाऱ्या घालायचा.

"पूर्वी इथे गुरं यायची का?" त्यांनी विचारलं.

"छे! कधीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"मग कोण तुडवायचं? या झाडाला उघडा चिखल लागतो. बी मोकळ्या मातीवर पडलं तरच रुजतं. गवत वाढलं की संपलं. दरवर्षी कुणीतरी इथलं गवत मोडत असणार, माती उकरत असणार."

मी घसरगुंडीच्या उताराकडे पाहिलं.

"कुणीतरी असणार, सर," त्या म्हणाल्या. "आठवून बघा."

"मुलं," मी म्हणालो. "घसरायची इथे."

"वा! मग कुठे आहेत ती मुलं?"

चौतीस वर्षांत वर्गात उभं राहून उत्तर न आलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. ती खाली बघून पायाच्या अंगठ्याने जमीन का उकरतात हे मला त्या दिवशी कळलं. हिचं ते 'हं'सुद्धा त्याच दिवशी कळलं.

त्या वर्षी चार रोपांना ज्या काही शेंगा धरल्या त्या फुटल्या आणि बी गवतात गेलं. पुढच्या मोसमाच्या आत माती मोकळी करायलाच हवी होती. मी पुन्हा उद्यान विभागातल्या त्या विद्यार्थ्याकडे गेलो.

"काय कारण लिहू, सर?"

"काठ तुडवण्यासाठी मुलांना प्रवेश मिळावा."

त्याने लेखणी खाली ठेवली. "संरक्षित वनस्पती तुडवण्याची परवानगी?"

"तुडवण्यासाठी नाही रे, वाचवण्यासाठी."

"पण तुम्ही तुडवण्यासाठी म्हणालात."

"हो."

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना?" मग त्यालाच माझी दया आली. त्याने सुचवलं की शैक्षणिक सहल म्हणून अर्ज केला तर एका सकाळची परवानगी मिळेल. अट एकच, पायवाट सोडायची नाही. मी अट मान्य असल्याची सही केली. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली आणि समास मात्र बरोबर सोडला.

मुलं गोळा करणं सोपं नव्हतं. अकरातली सातच उरली होती, तीही उंच झालेली. नात बारा वर्षांची. गेली तीन वर्षं रविवारी वर्ग सुटल्यावर कोण काय करतं हे मी विचारलं. घरीच असतो, मुलं म्हणाली. खेळत नाही? जागा कुठे आहे, सर? एका दुकानातून मी फ्रीजचा भलामोठा पुठ्ठा मागून आणला होता, तो बगलेत धरून पुढे निघालो.

रखवालदार फाटक उघडून चहा प्यायला गेला. मुलं पायवाटेवर एका रांगेत उभी राहिली. काय सुंदर रांग! एकाचाही अंगठा फरशीबाहेर नव्हता. मी पुठ्ठा समोर टाकला, हात पसरले आणि म्हणालो, "मुलांनो, आज नियम नाहीत. घसरा! लोळा! गवत मोडा!"

कुणी हललं नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यांवर हसू आलं. मी ते हसू ओळखतो. वर्गात मी मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून विचारत असे, "बरोबर ना?" आणि हुशार मुलं फसायची नाहीत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हेच हसू असायचं.

"नाही!" सातही जण एका सुरात ओरडले. "काठावर पाय नाही!"

"अरे, खरंच सांगतोय. तेव्हा माझं चुकलं होतं."

"काठावर पाय नाही!" जास्त मोठ्याने. एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "सर परीक्षा घेतायत. हलू नकोस."

मी समजावून सांगितलं. बी, माती, गवत, सगळी रीत सांगितली. मुलांनी नीट ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि पाय फरशीवरच ठेवले. मला कौतुक वाटत होतं आणि रडूही येत होतं. चौतीस वर्षं मी हेच तर मागत होतो.

तोंडी समजलं नाही तर करून दाखवावं, हे अध्यापनाचं मूळ तत्त्व आहे. मी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, पुठ्ठा उताराच्या माथ्यावर ठेवला आणि एकाहत्तराव्या वर्षी त्यावर बसलो. दोन्ही हातांनी रेटा दिला. पुठ्ठा वीतभर सरकला आणि थांबला. गवत इतकं दाट होतं की घसरायला उतारच उरला नव्हता. मी पुन्हा रेटलं, तोल गेला, आणि कुशीवर लोळत खाली पायथ्याशी जाऊन पडलो. तिथे मात्र गवताच्या मुळांशी अजून थोडा चिखल होता. मी उठलो आणि वेड्यासारखा तुडवायला लागलो. गवत उपटलं, टाचांनी खड्डे पाडले. टेबलाएवढी जागा काळी केली असेल नसेल, एवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ आजोबा!" रखवालदार धावत आला. "बोर्ड वाचता येत नाही का?"

"तो बोर्ड मीच लिहिलाय!"

"हो हो, असं सगळेच सांगतात. व्हा बाहेर."

मी वर बघितलं. सहा मुलं खाली मान घालून उभी होती. शिक्षकाला कुणी ओरडताना बघू नये, एवढी समज त्यांना होती. नात तेवढी माझ्याकडे बघत होती.

"तू तरी ये," मी म्हणालो. "पाच मिनिटं. चार पावलं टाक फक्त."

ती फरशीच्या अगदी कडेपर्यंत आली. तिने खाली चिखलाकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, उतरते आता. मग तिने एक पाय फरशीवर घट्ट रोवला, वाकली आणि माझ्याकडे हात लांब केला.

"आजोबा, या वर," ती मोठ्या माणसासारखं समजुतीने म्हणाली. "सगळे बघतायत."

मी तिचा हात धरून वर आलो. रखवालदाराने आम्हाला बाहेर काढून फाटकाला कुलूप घातलं. माझ्या पाऊलखुणा बुजवून टाकायला त्याने लगेच दाताळं घेतलं आणि मोडलेलं गवत पुन्हा मातीवर ओढून, दाबून बसवलं. कामाला चोख माणूस होता.

घरी नातीने मला अंगणातल्या नळाशी बसवलं. सांगितलं नव्हतं तरी पायजमा वर धरला, नळ सोडला आणि माझे पाय धुवायला लागली. घोटे, टाचा, बोटांच्या मधल्या फटी, सगळं सावकाश, नीट. असं काम मन लावून करायचं हे तिला मीच शिकवलेलं. काळं पाणी फरशीवरून वाहत मोरीच्या जाळीकडे जात होतं. मला तेव्हा कुठे आठवलं की तो चिखल घसरगुंडीच्या अगदी पायथ्याचा होता, तिथे वर्षानुवर्षं पडलेलं काही बी उरलं असलंच तर त्यातच असणार.

"थांब," मी म्हणालो.

"झालंच, आजोबा," ती म्हणाली. "एकच बोट राहिलंय."